‘टेक’चा पूर्वेतिहास

भावोजींच्या कार्डावर ‘सूक्ष्म दृष्टी, अचूक अनुमान, अभेद्य गुप्तता’ असं छापलेलं होतं, आणि ते कार्ड ते दूधवाल्यालासुद्धा देत. उभी हयात त्यांनी लोकांच्या घरात शिरून विजेचे मीटर वाचले. मीटर वाचता वाचता आपल्याला माणसंही वाचता येऊ लागली, असं त्यांचं म्हणणं. निवृत्त झाल्यावर ते गुप्तहेर झाले आणि मदतनीस म्हणून त्यांनी मेहुण्याला धरलं. मेहुणा करतो काय, बहिणीचा नवरा पडला. शिवाय ताईनं बजावून ठेवलं होतं, त्यांना कुठंही ने, पण घराबाहेर ने.

या खेपेला मात्र खुद्द मेहुण्याच्या घरावर बेतलं होतं. त्याची बायको शब्दकोशाच्या कचेरीत सहसंपादक होती. इंग्रजी-मराठी कोशातलं ‘टेक’ हे क्रियापद तिच्याकडे होतं. एका अर्थाला एक चिठ्ठी, असा जाडजूड गठ्ठा तिनं दोन वर्षं खपून रचला होता. तो कपाटातून नाहीसा झाला. मागे राहिलं फक्त पुठ्ठ्याचं आवरण आणि नाडी. संध्याकाळपर्यंत गठ्ठा सापडला नाही तर ‘टेक’ दुसऱ्याकडे जाईल आणि बाईंनी पुन्हा मुद्रितं तपासायला बसावं, असं मुख्य संपादकांनी तोंडावर सांगितलं होतं. कालपासून तिच्या घशाखाली घास उतरला नव्हता. मेहुण्याला तिच्याकडे बघवेना, म्हणून त्यानं आपण होऊन भावोजींना बोलावलं. यावरून त्याची काय गत झाली होती ते समजून घ्यावं.

कचेरीत आल्या आल्या भावोजींनी रिकाम्या आवरणाचा वास घेतला आणि संशयिताचा पूर्वेतिहास मागितला. संशयित कोण, असं मुख्य संपादकांनी विचारलं.

“टेक,” भावोजी म्हणाले. “मूळचा कुठला?”

कोशवाल्याला शब्दाचं मूळ विचारलं की नळ सोडल्यासारखं होतं. हे क्रियापद मूळचं इंग्रजी नव्हेच, मुख्य संपादक सांगू लागले. उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांच्या तोंडून ते इंग्रजीत आलं. जुना अर्थ हात लावणं, पकडणं. तोवर घेण्यासाठी इंग्रजीत ‘निमन’ हे घरचं क्रियापद होतं. ‘टेक’ आल्यावर ते मागं पडत पडत नामशेष झालं, आणि बधिर या अर्थाच्या ‘नम’ या इंग्रजी शब्दात त्याची तेवढी खूण उरली.

भावोजींनी मान डोलावली. परका, दांडगट, हात लावायची जुनी खोड, वर घरच्याला हुसकावून बसलेला. तेव्हा हा सुडाचा प्रकार आहे, आणि ‘निमन’चा कैवारी याच खोलीत आहे. जुन्या इंग्रजीवर जीव टाकणाऱ्या उपसंपादकाकडे सगळ्यांच्या नजरा वळल्या. ‘निमन’ गेल्याचं आपल्याला अजून वाईट वाटतं, हे त्यानं शांतपणे कबूल केलं. पण त्याला शेकडो वर्षं होऊन गेली, असंही तो म्हणाला. डूख धरणारी माणसं आपण पुष्कळ पाहिली आहेत, असं सांगून भावोजींनी त्याला भिंतीशी उभं केलं.

मग साथीदारांची पाळी आली. हा इसम एकटा क्वचितच हिंडतो, भावोजी म्हणाले. ‘ओव्हर’ बरोबर असला की ताबा घेतो, ‘ऑफ’ बरोबर असला की पळ काढतो. त्यांच्या हुकमावरून मेहुण्यानं ‘ओव्हर’च्या कपाटाला सुतळी बांधली. बायको खिडकीशी बसून बघत होती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं, पण गाठ त्यानं पक्की मारली.

“आणि ‘टेक इन’ म्हणजे,” भावोजी म्हणाले, “घरफोडी.”

चोरी झाली हे या मंडळींनी कसंबसं सोसलं होतं, पण चुकीचा अर्थ म्हणजे अतिच झालं. मुख्य संपादकांनी कोटाच्या खिशातून एक चिठ्ठी काढून टेबलावर आपटली. ‘टेक इन’ म्हणजे फसवणं. उपसंपादक भिंत सोडून आला आणि त्यानं चष्म्याच्या घरातून दुसरी चिठ्ठी काढली. आधी सैल कपडा अंगाबरोबर करणं, फसवणं मागून. मुद्रितं तपासणाऱ्या मावशींनी पर्स उघडली. दोघंही चुकतात, पहिला अर्थ आसरा देणं, हे बघा.

मेहुण्याची बायको उठली आणि टेबलाशी आली.

“हे अक्षर माझं आहे,” ती म्हणाली. “तुमच्याकडे कसं आलं?”

कचेरीची रीतच तशी होती. ज्या चिठ्ठीचा शब्द किंवा क्रम पटत नाही, ती विचार करायला बरोबर न्यायची. एकच तर नेली, असं ज्याला त्याला वाटत होतं. पुढच्या आठवड्यात आणखी एकच. आणि ‘टेक’च्या बाबतीत इथं कुणाचं कुणाशी पटत नव्हतं. मग खण उघडले गेले, डब्याच्या पिशव्या झटकल्या गेल्या, मुख्य संपादकांनी घरी फोन करून दुसरा कोट मागवला. दोन दिवस सगळे जिवाच्या आकांतानं गठ्ठा शोधत होते. गठ्ठा कुणी नेलाच नव्हता.

हे आपल्याला वास घेतानाच कळलं होतं, भावोजी म्हणाले. कुणी ऐकलं नाही.

ती चिठ्ठ्या लावत होती आणि तिचे डोळे भरून येत होते. मेहुण्यालाही हुंदका आवरेना, म्हणून तो सुतळी सोडायला गेला. मुख्य संपादक जवळ येऊन घुटमळले. ‘टेक’ तुमच्याकडेच राहील, असं ते पुटपुटले. मग त्यांनी हळूच हात पुढे केला. फसवण्याची तेवढी चिठ्ठी आजच्या दिवस घरी नेऊ का? अजून नीटशी पटलेली नाही.

“नाही,” ती म्हणाली. या कचेरीत तिनं हा शब्द पहिल्यांदाच उच्चारला. “काय पटत नाही ते इथं बसून सांगा. मी ऐकते.”

मुख्य संपादकांनी निमूटपणे खुर्ची ओढली.