एक नर्स कमी

योगिनी सिस्टरांना ऑपरेशन थिएटरची मॅनेजर केल्यापासून त्यांच्या नोकरीत एवढाच फरक पडला होता, की आधी फक्त डॉक्टर ओरडायचे, आता ऑफिसही ओरडत होतं. पगार होता तिथेच होता. केबिन मिळाली होती, पण तीत निर्जंतुक कपड्यांचे गठ्ठे रचलेले असल्यामुळे मॅनेजरला आत शिरता येत नसे.

नाशिकच्या या हॉस्पिटलचा कारभार मालकांच्या मुलाकडे, स्वराजकडे, नुकताच आला होता. बाहेर शिकून आलेली मुलं खर्च कमी करतात, तसा तोही करत होता. मागच्या महिन्यात त्याने थिएटरचा मामा, म्हणजे वॉर्डबॉय, कमी केला. आता एक नर्स कमी करायची होती, आणि सगळ्यांत नवी म्हणून ती संध्या असणार हे उघड होतं. संध्याचं घर तिच्या एकटीच्या पगारावर चालायचं. योगिनी सिस्टरांनी खूप विनवलं, तेव्हा स्वराज म्हणाला की आपण स्वतः थिएटरमध्ये उभं राहून निरीक्षण करणार, आणि त्या वेळी कोणी मध्ये बोलायचं नाही.

दुसऱ्या दिवशी हिरवे कपडे, टोपी, मास्क चढवून तो कोपऱ्यात उभा राहिला. टेबलावर सायखेड्याचे धनराज पैलवान होते. ट्रॅक्टरवरून पडून नडगी मोडलेली, कमरेत इंजेक्शन देऊन पाय बधिर केलेले. ऑपरेशनआधी पायाला औषध लावताना तो कुणीतरी उचलून धरावा लागतो. मामा गेल्यापासून ते काम संध्याकडे होतं. ती पुढे होणार, तेवढ्यात हाडांचे डॉक्टर महेश यांना कोपऱ्यातली हिरवी मूर्ती दिसली.

"नवा मामा आला वाटतं. ये, पाय धर. अजून वर."

"डॉक्टर, मी..."

"पायावर बोलायचं नाही, जंतू पडतात. आणि औषध लागलं की खाली ठेवायचा नाही."

संध्याने सिस्टरांकडे पाहिलं. सिस्टरांनी छताकडे पाहिलं. वरिष्ठांचा हुकूम पाळण्यात एवढं सुख असतं, हे त्यांना इतक्या वर्षांत कळलं नव्हतं.

डॉक्टर द्राक्षांच्या भावावर बोलत सावकाश औषध फासत होते. स्वराजचे हात लटपटू लागले. धनराजनी मान उचलून पाहिलं.

"डॉक्टर, माझा पाय लय हालतोय. अन मला तर काईच कळंना."

"तुमचा नाही हो, आमचा मामा हलतोय."

सुटका झाल्यावर स्वराज बाहेर स्टुलावर बसला. कप धरवेना, म्हणून योगिनी सिस्टरांनीच त्याला चहा पाजला आणि हळूच सांगितलं की हे रोज संध्या करते. बिचाऱ्याला मनापासून पटलं.

"अशा माणसाला काढणं बरोबर नाही," तो म्हणाला. "संध्या सिस्टर राहतील."

संध्याच्या जिवात जीव आला.

"त्यांनाही मॅनेजर करतो. म्हणजे नर्स एक कमी होईल, आणि पाय धरायला माणूस राहील."

संध्या मटकन खाली बसली आणि रडू लागली. थिएटरमधल्या साऱ्या जणी धावल्या. एकीने पाणी दिलं, एकीने पाठीवरून हात फिरवला.

"रडू नये गं," योगिनी सिस्टर तिला जवळ घेत म्हणाल्या. "पहिले काही दिवस फार जड जातात. मग होते सवय."