उर्मिलाच्या भाषणाला हरकत नाही

आखातातल्या अल कुसैसमधल्या एका मराठी मंडळाने १९९८ सालचा महिला दिन स्त्रियांच्या हाती सोपवायचा ठराव केला. समितीतले सातही जण पुरुष असल्यामुळे तो एकमताने मंजूर झाला.

उर्मिलाने व्याख्यानासाठी नाव दिलं. विषय: शंभर वर्षांपूर्वीच्या बंडखोर इंग्रजी कादंबऱ्या आणि त्यांतली बायकांची पिळवणूक. त्या नायिकांना नवऱ्याच्या सहीवाचून पाऊल उचलता येत नसे. एम.ए.ला या कादंबऱ्यांवर जीव टाकणारी उर्मिला इथे आल्यापासून नुसती सतीशची मिसेस नि अस्मीची आई झाली होती. एकदा तरी आपलं कुणी ऐकावं, एवढ्यासाठी तिने चौदा पानं लिहिली.

अध्यक्ष हेमचंद्र एका कंपनीत व्हिसाचे कागद बघत. त्यांनी नवऱ्याची 'हरकत नाही' अशी एनओसी मागितली.

"वहिनी, फॉर्मॅलिटी आहे. तुमचा व्हिसा सतीशरावांच्या स्पॉन्सरशिपवर, मग भाषण कोणाच्या?"

सतीशने दोन मिनिटांत सही केली. त्यात विषय नमूद नव्हता म्हणून कागद परत आला. विषय नमूद झाल्यावर समितीला घाम फुटला. पिळवणुकीवर बोलणाऱ्या बाईच्या नवऱ्याकडे लोक कसे बघतील? तेव्हा 'माझी पिळवणूक होत नाही' असा दाखला उर्मिलाने द्यावा आणि त्याच्या खरेपणाबद्दल सतीशने सही करावी, असं ठरलं. दाखला आला आणि नवाच पेच पडला. पिळवणूक होत नसेल तर बाईंना विषयाचा अनुभव नाही, होत असेल तर नवऱ्याची एनओसी बाद. अखेर पानं सतीशने वाचावीत, उर्मिलाने शेजारी प्रसन्न मुद्रेने बसावं, असा तोडगा निघाला.

"बट पपा, दॅट्स मम्माज स्पीच," बारा वर्षांची अस्मी म्हणाली. या मताची इतिवृत्तात नोंद नाही.

कार्यक्रमात सतीश उठायच्या आत उर्मिलाने माईक गाठला. तिला इतका राग आला होता की भीतीला जागाच उरली नव्हती. चौदाही पानं तिने खणखणीत वाचली. मागच्या बायका खुर्च्या ओढत पुढे आल्या, तिघींनी पुस्तकं मागितली. उर्मिला मनापासून सुखावली.

आभार मानताना हेमचंद्र गहिवरले. "सतीशरावांनी वहिनींना बोलू दिलं. तेव्हा इंग्लंडात असे नवरे असते, तर या कादंबऱ्या लिहायची वेळच आली नसती."

आणि वाचकहो, घरी गेल्यावर सतीश काय म्हणाला, ते मी सांगितलेलं नाही. तेवढंच कळायचं राहिलं असं वाटत असेल, तर समितीत तुमच्यासाठी एक जागा रिकामी आहे.