डिंगोऱ्यातली भरती-ओहोटी

आमच्या डिंगोऱ्यापासून समुद्र जीपने सहा तासांवर. मधे अख्खा माळशेज घाट. तरी रोज सकाळी सात वाजता स्टँडवरच्या बाकावर बसून तात्या खणखणीत आवाजात सांगायचे, "आज चतुर्थी. चाराची पाऊणपट तीन. अलिबागला तीनला भरती, नवाला ओहोटी."

ऐकणारे कोण, तर कांद्याच्या गोण्या घेऊन ओतूरला निघालेली माणसं. त्यांना भरतीचं काय? पण तात्यांनी सांगितलं नाही तर दिवस सुरू झाल्यासारखं वाटायचं नाही. माझं शिलाईचं दुकान स्टँडला लागून, त्यामुळे मी तर हे दहा-बारा वर्षं ऐकलं. माझ्या बायकोला तिथीवरून उपास कळायचे, मला समुद्र कळायचा.

हे गणित तात्यांना ओतूरच्या बाजारात सुके बोंबील विकणाऱ्या एका बाईने शिकवलं होतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. मिनिट-दोन मिनिटं इकडेतिकडे, पण बोंबीलवाली म्हणाली म्हणजे खरं. तेव्हापासून गावातलं कुणीही अलिबागला निघालं की सहल आखायची ती तात्यांनीच. नवं जोडपं असो, शाळेचे मास्तर असोत की भजनी मंडळ. पहाटे तीनला निघायचं, दिवसभर फिरायचं आणि रात्री घरी. मुक्काम नाही. "एका दिसात बसवा, राव," हे त्यांचं म्हणणं. "दोन दिस काय कुणीबी फिरंल."

आखणी कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे लिहिलेली असायची. माझ्याकडे त्यातलं एक अजून आहे. 'नऊ: समुद्र बघणे. सव्वानऊ: समुद्र बघून झाला. साडेनऊ: ओहोटीत चालत किल्ला. बायकांनी चपला हातात घेणे. बारा: शहाळे. मलई मागून घेणे, ते आपणहून देत नाहीत.' आणि प्रत्येक पानावर, सहल कुणाचीही असो, एक ओळ ठरलेली: 'पावणेदोन ते दोन: शैलाकडे पाणी पिणे.'

शैला ही तात्यांची एकुलती लेक. अलिबागला दिलेली, घर किनाऱ्याला लागूनच. शैलाची आई तिच्या लग्नाआधीच गेली होती, म्हणजे तात्यांना एवढीच काय ती. अख्खं गाव पाळीपाळीने तिच्याकडे पाणी पिऊन आलं. परत आलं की तात्या किल्ल्याचं विचारायचे नाहीत, समुद्राचंही नाही. "पाणी कशातलं दिलं? माठातलं का फ्रीजातलं? गार व्हतं का?" एवढंच.

एकदा सरपंचांनी तात्यांचं ऐकलं नाही. बरोबर पौर्णिमेला, भरदुपारी किल्ल्याकडे निघाले आणि कमरेपर्यंत भिजून माघारी आले. इस्त्रीची विजार माझ्याकडेच आली, मिठाचे पट्टे घेऊन. तात्यांनी विजारीकडे पाहिलं आणि आपला नेहमीचा मंत्र म्हटला, "येळ टळली, वाळू गेली."

तर असा हा माणूस. सगळ्या गावाला अलिबाग दाखवलं, पण स्वतः एकदाही गेला नाही. विचारलं की म्हैस व्यायला झालेली असायची, नाहीतर कांदा काढायचा असायचा. मी एकदा म्हटलं, "तात्या, तुमची म्हैस वर्षाला सहा वेळा विते का?" तर दोन दिवस माझ्या दुकानासमोरून मान वळवून गेले.

मग दोन हजार साल उलटल्यावर आमच्या घरातही समुद्राचं वारं शिरलं. बायको म्हणाली, गावातल्या म्हाताऱ्यासुद्धा जाऊन आल्या, मी काय पाप केलंय. तात्यांनी पान लिहून दिलं, आम्ही निघालो. पावणेदोनला शैलाच्या दारात. ओट्यावर स्टीलचे पेले पालथे घालून ठेवलेले. आमच्याकडे बघून ती हसली, "पावणेदोन झाले ना? मला घड्याळच लागत नाही. डिंगोऱ्याचं माणूस दिसलं की वेळ कळते."

पाणी माठातलं होतं, वाळा घातलेलं. प्यायलो. बायकोने सहज विचारलं, "दोन दिवाळ्या झाल्या, माहेरी आली नाहीस गं?"

शैला पेले गोळा करायला लागली. "आले की बायका विचारतात, काही विशेष? एकीला सांगितलं की दुसरी येते. लग्नाला नऊ वर्षं झाली, वहिनी. काय सांगू?" मग म्हणाली, "आणि तात्यांना तर इथं येता येत नाही. लग्नात काय बोलून बसलेत, आठवतं ना?"

तेव्हा मला आठवलं. मांडवातच होतो मी. व्याही म्हणाले होते, या एकदा समुद्र बघायला. आणि तात्या ऐन रंगात आलेले. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी पिऊ नये, ही जुनी रीत. आता पाळतंय कोण? पण तात्यांनी पंगतीला ऐकू जाईल असं सांगितलं, "नातवंड झाल्याबिगर तुमच्या घरचं पाणी न्हाई प्यायचो. वरीसभरच थांबा. तांब्या घासून ठिवा." सगळे हसले होते, मीसुद्धा. त्या एका गमतीपायी बाप नऊ वर्षं घाटाच्या अलीकडे बसला होता. येऊन पाणी नाकारलं तर लेकीच्या जिवाला लागणार, आणि प्यायलं तर चारचौघांत दिलेला शब्द जाणार. म्हणून आम्हाला पाठवत होता. मला स्वतःची लाज वाटली. म्हशीवरून त्यांना बोललो होतो मी.

निघताना शैला म्हणाली, "त्यांना एक निरोप द्या. घरात नको तर नको. ओहोटीला जी वाळू उघडी पडते ती कुणाच्याच सातबाऱ्यावर नाही. तिथं मी भाकरी घेऊन येते. वेळ त्यांनीच काढावी म्हणावं."

दुसऱ्या दिवशी बाकावर बसून मी निरोप शब्दाला शब्द सांगितला. तात्यांनी तो पुन्हा एकदा सांगायला लावला. मग म्हणाले, "सातबाऱ्यावर न्हाई, हे खरं हाय." आणि कॅलेंडर काढलं. एकादशी नको, उपास. दहाची पाऊणपट साडेसात, म्हणजे दशमीला ओहोटी दीडला. जेवायची वेळ. संध्याकाळची भरती पावणेआठला.

दशमीला ते गेले. जाताना स्वतःसाठी लिहिलेलं पान मला दाखवलं. 'दीड: वाळूवर बसणे.' पुढे काहीच नव्हतं. मी म्हटलं, "परतीचं?" तर म्हणाले, "बघू."

रात्री आले नाहीत. एकादशीला नाहीत. गाव हवालदिल. बाकावर कुणी भरती सांगेना, कांद्याच्या गोण्या गुपचूप गाडीवर चढल्या. द्वादशीला दुपारी उतरले, तेही हातात सुकटीची पिशवी घेऊन. मी मशीन सोडून बाहेर आलो आणि त्यांचाच प्रश्न त्यांना विचारला, "तात्या, पाणी कशातलं दिलं?"

"माठातलं. गार व्हतं." बाकावर टेकले. "तसं न्हाई रं भाऊ. बसलो, भाकरी खाल्ली, बोलत ऱ्हायलो. तिला लई बोलायचं व्हतं. मला वाटायचं पोरगी सुखात हाय म्हणून येत न्हाई. तिकडं आपली एकटीच रडत व्हती, आन मी हितं पाऊणपटी करतोय." सुकटीची पिशवी शेजारी ठेवली. "मंग पायाला पाणी लागलं. म्हणलं, आता कुठं बसायचं? शैला म्हणली, चला घरी. येळ टळली, वाळू गेली. आता समुद्रानंच उठीवल्याव मी काय करणार? शब्द मोडला तो समुद्रानं."

"बरोबर आहे," मी म्हणालो. "समुद्रापुढं कुणाचं चालतं?"

साठ कोसांवर बसून ज्याने आठ-नऊ वर्षं भरती चुकवली नाही, तो त्याच दिवशी वाळूवर बसून कसा विसरला, हे मी विचारलं नाही. गावातही कुणी विचारलं नाही. सरपंचांनी तोंड उघडलं होतं, पण मी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांना विजारीची आठवण झाली असावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तात्या बाकावर हजर. "आज तेरस. तेराची पाऊणपट पावणेधा. अलिबागला पावणेधाला भरती." गोण्यावाले गाडीकडे वळले. तात्या अजून समोर बघत होते, डोंगराकडे. मग हळूच म्हणाले, "शैलाच्या वट्यावरनं दिसती."