सूप वाढण्याची पात्रता

संस्थेची थोरवी मोजायची असेल, तर तिच्या दारातून परत गेलेली माणसं मोजावीत. मॅसॅच्युसेट्समधलं हॅलोबी कॉलेज या हिशेबाने फार थोर आहे. अमेरिका हा देश व्हायच्या आधीपासून ते माणसं परत पाठवत आलंय. (बराच काळ त्यांत समस्त बायका असत, आता हे काम जास्त समतेने होतं.)

एकदा आत आलेल्या मुलांना मात्र पहिल्याच आठवड्यात चुकल्यासारखं होतं. आता आपल्याला नाकारणार कोण? ही गैरसोय ओळखून मुलांनी स्वतःच मंडळं काढली आहेत. वादविवाद मंडळ, होडी मंडळ, चीज चाखण्याचं मंडळ, आणि कुठल्याच मंडळात न घेतलेल्यांना धीर देण्याचं मंडळ (याची निवड सगळ्यांत कडक).

आर्डिथ ब्रँडवोल्ड नेब्रास्काहून इथे आली तेव्हा तिला एकच दुःख होतं: भोजनगृहात रोज एकटीने जेवायचं. गावी ती आईबरोबर चर्चच्या तळघरात गोरगरिबांना सूप वाढायची, आणि मग वाढणारे-खाणारे सगळे एकाच टेबलाला बसायचे. हॅलोबीतही चर्चच्या तळघरात सूप मंडळ होतं. ती एप्रन घेऊन गेली.

"एप्रन कशाला आणलास?" अध्यक्ष विन्स्लोने विचारलं.

"सूप वाढायला आलेय."

"वाढायला काय, कोणीही वाढेल. तुझं भुकेशी नातं काय आहे?"

आर्डिथने मनापासून विचार केला. "चारच्या सुमाराला लागते."

विन्स्लोच्या दोन्ही बाजूंना बसलेल्या परीक्षकांनी एकमेकांकडे पाहिलं. मग विन्स्लो उठून, तिचा हात हातात घेऊन म्हणाला, "तू येऊन गेलीस, याचं आम्हाला फार कौतुक वाटलं." (हॅलोबीत 'चालती हो' हे असं म्हणतात.)

ती चर्चच्या पायरीवर बसून रडत होती. तेवढ्यात आतून मिस्टर लेबो आले. बुटांचा कारखाना बंद पडल्यापासून त्यांना घर नव्हतं, हातात सूपचा वाडगा होता.

"काय गं पोरी, घेतलं नाही तुला?"

तिने भुकेचं उत्तर सांगितलं. म्हातारा इतका हसला की सूप सांडलं.

"मग आमच्या बाजूला ये. खाणाऱ्यांना अजून तरी काही विचारत नाहीत." आणि त्यांनी आपला पाव मोडून अर्धा तिला दिला.

ते सबंध वर्ष आर्डिथ दर गुरुवारी त्या पायरीवर जेवली.

पुढच्या वर्षी मात्र ती तयारीने गेली. भूक हा एक संवाद आहे, असं तिने न अडखळता सांगितलं. निवड झाली, आणि भोजनगृहातल्या मंडळाच्या लांब टेबलाला जागाही मिळाली. नेब्रास्कात आईने केक केला.

पण मंडळापुढे आता पेच होता. वाढणारे चाळीस आणि खाणारे चौदा. एका वाडग्यामागे एक जण वाढायचा, दुसरा बघायचा आणि तिसरा त्यावर चिंतन करायचा. विन्स्लोने मुळाशी हात घातला. इतक्या निवडक हातांनी वाढलेलं सूप कोणीही उठून यावं आणि प्यावं, हा वाढणाऱ्यांचा अपमान आहे. तेव्हा खाणाऱ्यांचीही निवड व्हावी. ठराव एकमताने संमत झाला. त्या एकमतात आर्डिथचंही मत होतं.

पहिल्याच गुरुवारी मिस्टर लेबो टोपी हातात घेऊन समोर बसले. प्रश्न विचारायची पाळी आर्डिथची होती.

"तुमचं भुकेशी नातं काय आहे?"

लेबोंचे डोळे चमकले. "चारच्या सुमाराला लागते," ते म्हणाले, आणि ती हसेल म्हणून थांबले.

हसू तिच्या गळ्यापर्यंत आलं होतं. पण विन्स्लो बघत होता, आणि मंडळाचं लांब टेबल सात वाजता जेवायला बसणार होतं.

"मिस्टर लेबो, तुम्ही येऊन गेलात, याचं आम्हाला फार कौतुक वाटलं."

या वाक्याचा अर्थ त्यांना तिनेच पायरीवर समजावला होता. त्यांनी टोपी घातली. दारात वळून म्हणाले, "तू जेवून घे गं वेळेवर."

ती जेवली. भरल्या टेबलाला, सगळ्यांबरोबर.

ही हकीकत पुण्या-नाशकातल्या पुष्कळ घरांत सांगून झाली आहे. ऐकणारे हळहळतात, विन्स्लोला शिव्या घालतात आणि चहा संपता संपता हळूच विचारतात, हॅलोबीत प्रवेश हवा असेल तर आमच्या मुलीने सूप वाढायला कितवीपासून सुरुवात करावी? लेबो त्या संध्याकाळी कुठे जेवले, हे अजून एकानेही विचारलेलं नाही. तुमच्याही मनात आधी कॉलेजच आलं असेल, तर तुम्ही इथवर वाचलंत, याचं आम्हाला फार कौतुक वाटलं.