पास्कलकाकांचं टॉलरन्सबाहेरचं झाड

पास्कलकाका आमच्याकडे जेवायला आले की पहिली पोळी उजेडाकडे धरतात. खरंच सांगते, ट्यूबलाइटसमोर, एक डोळा मिटून. मग खिशातून छोटी टेप निघते, पोळी इकडून मोजली जाते, तिकडून मोजली जाते आणि निकाल लागतो. "वहिनी, चार मिलिमीटरचा फरक आहे. पण टॉलरन्समध्ये आहे." म्हणजे पास. त्यानंतर ते सात-आठ पोळ्या आरामात खातात. पहिल्या वर्षी आई जाम चिडली होती. आता काका येणार असले की मलाच सांगते, "नीट लाट गं, इन्स्पेक्टर येणारेत."

इकडे एमिरेट्समध्ये, उम्म अल कुवैनला आमच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये राहतात ते, चौथ्या मजल्यावर. मूळचे वसईचे ख्रिश्चन, आणि हमरिया फ्री झोनमधल्या एका पाइपच्या कंपनीत क्यूसी इन्स्पेक्टर. दिवसभर पाइप पास करायचे नाहीतर रिजेक्ट करायचे, हे त्यांचं काम. घरी आल्यावर ते बंद होत नाही, एवढंच. शर्लीकाकींनी आणलेला भोपळा, त्यांच्या इव्हानला शाळेत मिळालेली ट्रॉफी, सगळ्यावर शेरा असतो. मला नवीन लायसन्स मिळालं तेव्हा माझ्या पार्किंगला त्यांनी "रीवर्क" दिला होता. मी गाडी बाहेर काढून परत लावली. काय करणार?

पण या डिसेंबरात पहिल्यांदा काकांचंच इन्स्पेक्शन सुरू झालं. वसईहून त्यांची आई, म्हणजे आजी, आली.

आजोबांना जाऊन वर्ष झालं होतं, म्हणून काकांनी मागे लागून लागून आजीला इकडे आणलं. ती आठवडाभर राहिली आणि एका सकाळी म्हणाली, "पास्कू, मला नाताळाआधी घरी पाठव. इथे कसला नाताळ, दार लावून बसायचं नि काय." काकांनी मुकाट्याने बावीस तारखेचं तिकीट काढलं. पण नंतर आमच्या हॉलमध्ये बसून बाबांना म्हणाले, "तिकडे त्या रिकाम्या घरात एकटी नाताळ करणार ती. थांबली पाहिजे हो." त्या दिवशी त्यांनी पोळी मोजली नाही.

आणि मग त्यांनी जाहीर केलं, शनिवारी झाड तोडायला जायचं. मलाही बोलावलं, कारण करवत धरायला कोणीतरी हवं.

आता एमिरेट्समध्ये ख्रिसमस ट्री कुठून तोडणार? मलाही हेच कळेना. तेव्हा समजलं की वसईला नाताळाचं झाड म्हणजे समुद्रकिनाऱ्यावरचं सुरूचं झाड. ते आणायचं, अंगणात वाळूच्या डब्यात रोवायचं आणि सजवायचं. आणि इथल्या शेतांच्या कडेला वारा अडवायला सुरूच लावतात! मी इतकी वर्षं ती झाडं गाडीतून बघतेय, मला नावसुद्धा माहीत नव्हतं.

तर फलज अल मुअल्लाकडचं एक शेत. जीपमध्ये काका, काकी, आजी, मी आणि मोबाइलमधून मान वर न करणारा इव्हान. "डॅड, वुई कॅन जस्ट ऑर्डर वन."

"प्लास्टिक? रिजेक्ट."

शेतावर राखणदार खानसाहेब वाट बघत होते. "अरबाबने बोला है, ये आठ पेड़ वैसे भी निकालने हैं। जो पसंद आए, ले जाओ।" अरबाब म्हणजे मालक. खानसाहेबांना वाटलं असणार, दहा मिनिटांचं काम. बिचारे.

काकांनी पहिलं झाड लगेच बाद केलं. "कललंय." दुसऱ्याच्या बुंध्याला गाठ होती. तिसरं त्यांनी तीन बाजूंनी बघून पास केलं आणि करवत माझ्या हातात दिली, तेवढ्यात खानसाहेबांनी दिलेल्या खुर्चीवरून आजी म्हणाली, "हे झाड आहे की खराटा?"

चौथं. "याला वाळवी लागलीय," परत आजी. पाचवं. "पास्कू, तुला नोकरीवर कोणी ठेवलं रे?"

काकी तोंडावर ओढणी धरून हसत होत्या. खानसाहेब दोनदा चहा करून आले आणि मला हळूच म्हणाले, "असली इन्स्पेक्टर तो अम्माजी हैं।"

सातव्या झाडापाशी आजी उठली. तिने पानं बोटांत चोळली, वास घेतला आणि मान वर करून नुसती ऐकत उभी राहिली. वारा होता. "हे घे," ती म्हणाली. "आपल्याकडच्यासारखं वाजतंय."

काकांनी टेप लावली. तीन मीटर चाळीस.

इव्हानने मोबाइल खाली ठेवला. "डॅड, दॅट वोन्ट फिट."

"आय नो माय जॉब," काका म्हणाले.

बिल्डिंगपाशी पोचलो आणि झाड लिफ्टमध्ये जाईना. सरळ नाही, तिरकं नाही, शेंड्याकडून नाही. लिफ्टचं दार मधेच येऊन झाडावर आपटत होतं. जिन्याने नेलं तर पहिल्याच वळणावर बुंधा कठड्यात अडकला.

"आयुष्यभर दुसऱ्यांचे पाइप मोजले," काकी म्हणाल्या, "आणि स्वतःच्या लिफ्टची उंची माहीत नाही या माणसाला."

"चुकलं," काका म्हणाले. "खालीच उभं करू."

'चुकलं' हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. आमचे नातूर, म्हणजे वॉचमन, बशीरभाई पार्किंगच्या कोपऱ्यातून एक वाळूने भरलेला ड्रम ढकलत घेऊन आले. झाड त्यात उभं राहिलं. शेजारी आजीची खुर्ची.

आणि काय सांगू, रोज चार वाजले की आजी खाली! तळमजल्यावरच्या सुदानी टीचरच्या मुलींनी झाडाला रिबिनी बांधल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या फिलिपिनो नर्सने चांदणी आणली. आईने चिवडा पाठवला. आजी बशीरभाईंशी मराठीत बोलायची, ते मल्याळममध्ये उत्तर द्यायचे, आणि दोघांचं मस्त चाललेलं असायचं. ऑफिसमधून येणारा प्रत्येक जण तिथे पाच मिनिटं थांबायला लागला. इव्हानसुद्धा.

वीस तारखेला संध्याकाळी आजी सुदानी मुलींच्या वेण्या घालत होती. काका कामावरून आले, तसं मान वर न करता म्हणाली, "पास्कू, त्या तिकिटाचं बघ काहीतरी. या पोरींना करंज्या शिकवायच्यात. नाताळ झाल्यावर जाईन."

काका "बरं" म्हणाले आणि जीपच्या मागे जाऊन टायर तपासत बसले. बराच वेळ झाला तरी येईनात, म्हणून मी बघायला गेले. टायर अगदी व्यवस्थित होता. काका चष्मा काढून शर्टाला पुसत होते.

"काका," मी विचारलं, "लिफ्ट खरंच मोजली नव्हती?"

"मोजली होती," ते टायरकडेच बघत म्हणाले. "दोन मीटर दहा. शर्लीला सांगू नकोस."