चिंतेस अपात्र

“बाई, दारू बाबा पितात, मग दीर्घ श्वास मी का घ्यायचा?”

हे विचारून दाखव, अशी पैज मैत्रिणींनी लावली होती, आणि पैजेला नाही म्हणेल तर ती टकळी कसली! तोंड सतत चालू, म्हणून वर्गाने तिला हे नाव ठेवलेलं. शाळेत चिंतामुक्ती कक्षाचं उद्घाटन चाललं होतं. घरातल्या व्यसनापायी ज्या मुलांना चिंता लागून राहते, त्यांना तिथे श्वास शिकवला जाणार होता. समुपदेशक बाईंनी गंभीरपणे खुलासा केला, की बाबांचं नाव शाळेच्या पटावर नाही. नियमानुसार शांत फक्त मुलांनाच करता येतं.

गोपनीयता मात्र कडक. रोज गणिताच्या तासाला ध्वनिक्षेपकावरून सूचना येई: ‘व्यसनी पालकांच्या पाल्यांनी कोणाला कळणार नाही अशा रीतीने रांगेत यावे.’ पहिल्या दिवशी टकळी एकटीच उठली. अख्ख्या वर्गाने माना वळवून तिची गोपनीयता पाहिली. पण कक्षात बसलं की गणिताचा तास चुकवता येतो, ही बातमी फुटली आणि आठवडाभरात भलेभले सोवळे बाप पिऊ लागले. एका पठ्ठ्याने तर आजीची तपकीर पुढे केली.

तेव्हा मुख्याध्यापकांनी छाननी लावली. खऱ्या व्यसनी पालकाने स्वतः, शुद्धीत, शाळेत येऊन आपण शुद्धीत नसतो असं सांगावं.

गंमत म्हणजे टकळीला ते श्वास लागू पडत होते. संध्याकाळी बाबा आले, फाटक करकरलं, की ती हळूच श्वास सोडी आणि जाऊन दार उघडी. कक्ष तिला हवा होता.

छाननीच्या दिवशी बाबा उठलेच नाहीत. आईने फोन तिच्या हातात दिला. बाबांच्या कचेरीत नेहमी सांगायची तेच ती सवयीने शाळेलाही सांगून बसली: “बाबांना ताप आहे.”

मुख्याध्यापकांनी निकाल दिला. ज्या अर्थी वडिलांना ताप आहे, त्या अर्थी व्यसन नाही. ज्या अर्थी व्यसन नाही, त्या अर्थी चिंता नाही. टकळीची चिंता तात्काळ बंद करण्यात आली. बाईंनी अभिनंदन करून तिला गणिताला पाठवलं.

त्या दिवशी जेवताना टकळी ताटावरून उठली आणि शिकवल्याप्रमाणे एक श्वास घेतला.

“आई, बाबा, मी ठरवलंय. यापुढे ताप मी कळवणार नाही. कचेरीतले, शेजारचे, मावशी, जे कोणी ‘ताप उतरला का गं?’ म्हणून विचारतील, त्यांना आहे ते सांगणार. त्यांना ते आधीपासून ठाऊक आहे, तरी दचकतील. मग दीर्घ श्वास त्यांनी घ्यावा. मला गणित आहे.”