पान पाच, उजवीकडे खाली

अर्जाच्या सातव्या रकान्यात ‘कारकिर्दीचा पुरावा : कात्रणांची मूळ वही’ असे छापले होते आणि तिथेच निवृत्त वार्ताहर अडले. बावीस वर्षे त्यांनी पाणीपुरवठा आणि गटारे यांच्या बातम्या दिल्या. एकही शब्द दोन ठिकाणी पडताळल्याशिवाय छापू दिला नाही. परंतु बातमीवर नाव कायम एकच : ‘आमच्या प्रतिनिधीकडून’. ज्येष्ठ पत्रकाराचा सन्मान त्या प्रतिनिधीला मिळणार की काय, या विचाराने त्यांचा जीव खालीवर होत होता.

“अहो, वही आहे की!” बायकोने कपाटावरून जाडजूड वही काढली. “रोज चहा घेताना सांगायचात ना, पान पाच, उजवीकडे खाली? सगळं कापून चिकटवलंय.”

वार्ताहरांना गहिवरून आले. बायकोच्या कामाची पडताळणी करणे त्यांना असभ्य वाटले. आयुष्यात प्रथमच त्यांनी पुरावा न तपासता पुढे दिला.

दोघे सन्मान समितीच्या कार्यालयात गेले. सचिवांनी वही उघडली आणि ते खुर्चीतून उठलेच.

“राशिभविष्य तुम्ही लिहायचात? साहेब, तुमच्या एका ओळीवर मी नोकरी सोडली होती! माझं कल्याण झालं!”

वार्ताहरांनी वाकून पाहिले. पानोपानी राशिभविष्याची चौकट! पाचव्या पानाच्या पाठीमागे सहावे पान असते, हे ते पार विसरले होते.

“वहिनी, चिकटवलंय मात्र झकास,” सचिव म्हणाले.

“घरची खळ आहे, निघायची नाही,” बायको खुलली. “मागच्या बाजूला मेल्या गटारांच्या बातम्या होत्या. त्यांनाच खळ फासली.”

संपूर्ण कारकीर्द खळीखाली गेली होती. वार्ताहरांनी घसा साफ केला. “एक दुरुस्ती करायची होती. वस्तुतः ही बाजू...”

“मी तर यांचं अक्षर न् अक्षर पाळलं,” बायको सचिवांना सांगत होती. “माझ्या मिथुन राशीला सारखं लिहायचे, जोडीदाराशी वाद टाळावा. बावीस वर्षं टाळला! नाहीतर मला काय बोलता येत नव्हतं?”

“कसली दुरुस्ती, साहेब?” सचिवांनी विचारले. “हे तुमचंच ना?”

बायकोची मान सावकाश वळली. तिच्या नजरेत बावीस वर्षांची शिल्लक वार्ताहरांना स्पष्ट दिसली.

“माझंच,” ते म्हणाले. एकाही ठिकाणी न पडताळलेले ते त्यांचे पहिलेच विधान होते.

शाल आणि मानपत्र निश्चित झाले. जिना उतरताना वार्ताहरांनी सुटकेचा निःश्वास सोडला.

“अहो,” बायको म्हणाली, “तुम्ही निवृत्त झालात, म्हणजे आता ते भविष्य दुसराच कोणी लिहीत असेल?”

“हो. असेल कोणीतरी.”

“मग त्याचं मी कशाला ऐकू?” तिने पदर खोचला. “थांबा तिथेच. आपल्या लग्नापासून सुरुवात करू.”